वेदना-चिकित्सालयाची पायरी : चढावी की न चढावी?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण आपल्याकडे आहे. दवाखान्याच्या पायरीविषयी तशी म्हण नाही. दुखणे आले की ती चढावीच लागते. तरीही एक पायरी अशी आहे की तिच्यापाशी भलेभले थबकतात. पाठीच्या कण्याचे दुखणे वर्षानुवर्षे मागे लागलेल्या माणसाला एके दिवशी डॉक्टर सांगतात, "आता तुम्ही एकदा पेन क्लिनिकला दाखवा." पेन क्लिनिक म्हणजे वेदना-चिकित्सालय. तेथे जावे की न जावे, आणि ते कसे ठरवावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विषय का निवडला, ते सांगितले पाहिजे. गेली सहा वर्षे माझी कंबर दुखते. पंचेचाळीस मिनिटांच्या तासाला शेवटची पंधरा मिनिटे मला टेबलाचा आधार घ्यावा लागतो. गेल्या पावसाळ्यात मलाही हाच सल्ला मिळाला, आणि तेव्हापासून ती चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. मी वैद्यकशास्त्र शिकलेली नाही, तर्कशास्त्र शिकवते. तेव्हा कोणाला औषध सुचवण्याचा अधिकार मला नाही. परंतु उत्तर शोधण्याआधी प्रश्न नीट मांडावा, हा आमच्या विषयाचा पहिला धडा आहे. त्या धड्याचे हे एक उदाहरण समजावे.

"जावे की न जावे?" हा प्रश्न दिसायला एक आहे, पण त्यात निदान तीन प्रश्न दडलेले आहेत. पहिला : ज्यावर थेट इलाज करता येईल असे कारण शोधायचे राहून तर गेले नाही ना? दुसरा : तेथे जाऊन मला नेमके काय मिळवायचे आहे? तिसरा : ज्या चिकित्सालयात जायचे ते कोणत्या प्रकारचे आहे? हे तीन सुटे केल्याशिवाय "हो" म्हणणे आणि "नाही" म्हणणे दोन्ही सारखेच आंधळे ठरते.

१. आधी काय तपासावे?

काही लक्षणे अशी आहेत की ती दिसताच विचार करीत बसायचे नसते. लघवीचा किंवा शौचाचा ताबा सुटणे, जांघेत आणि बैठकीच्या भागात बधिरता येणे, पायांतील शक्ती झपाट्याने कमी होणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे. ताप, विनाकारण वजन घटणे, विश्रांती घेऊनही रात्रभर न थांबणारे दुखणे, पूर्वी होऊन गेलेला कर्करोग, पडल्याचा किंवा अपघाताचा मार, या गोष्टी असतील तर कारणाचा शोध आधी, बाकीचे नंतर. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोगही विसरून चालत नाही. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्याने १७७९ साली ज्या विकाराचे वर्णन केले तोच हा. त्या काळी त्यावर खात्रीचे औषध नव्हते. आज क्षयरोगाची औषधे आहेत, पण निदान वेळेवर व्हावे लागते. अशा रुग्णाला केवळ वेदना दाबण्याचे औषध देत राहणे घातक होय.

माझ्या बाबतीत या तपासण्या झाल्या आहेत आणि यांतले काही निघाले नाही. कंबरदुखीच्या बहुसंख्य रुग्णांची स्थिती हीच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सुमारे ९० टक्के कंबरदुखीत एखादा विशिष्ट रोग किंवा इजा बोट ठेवून दाखवता येत नाही. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती असा अंदाज आहे. म्हणजे आपण एकटे नाही. अर्थात त्याने कंबर दुखायची थांबत नाही, ही गोष्ट वेगळी!

येथे कोणी विचारील, "कारण नाही कसे? एम.आर.आय.मध्ये चकती सरकलेली स्पष्ट दिसते ना?" माझ्याही फोटोत ती दिसते. पण येथे तर्कशास्त्राचा विद्यार्थी सावध झाला पाहिजे. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही अशांच्या कण्यात काय दिसते, हे पाहिल्याखेरीज त्या फोटोची किंमत ठरवता येणार नाही. असा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३३ अभ्यासांतील ३,११० निरोगी, म्हणजे पाठदुखी नसलेल्या माणसांच्या तपासण्या एकत्र केल्या होत्या. चकती फुगून बाहेर आलेली असण्याचे प्रमाण विशीतल्या लोकांत ३० टक्के, पन्नाशीत ६० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के निघाले. चकतीची झीज तर पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांत होती. केस पांढरे होतात तशाच चकत्याही झिजतात. याचा अर्थ तपासणी निरुपयोगी असा नव्हे. मज्जातंतूवर खरोखर दाब असेल आणि लक्षणे त्याच्याशी जुळत असतील तर ती मोलाची ठरते. परंतु नुसत्या फोटोवरून वेदनेचा उगम सांगता येत नाही, एवढे निश्चित.

२. दुखणे आणि इजा

सर्वसाधारण समजूत अशी की जितकी इजा तितके दुखणे. ही समजूत दुसऱ्या महायुद्धातच डळमळीत झाली. १९४४ साली इटलीतील अँझिओच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञाने पाहिले की, गंभीर जखमी झालेल्या सैनिकांपैकी बऱ्याच जणांना वेदनाशामक औषध नको होते. जखम तीच, पण तिचा अर्थ वेगळा होता. रणांगणातून जिवंत सुटल्याची ती खूण होती. पुढे १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी आपला 'द्वार-नियंत्रण सिद्धान्त' मांडला. शरीराकडून येणारा संदेश मज्जारज्जूत शिरताना जणू एका दारातून जातो. ते दार कमीजास्त उघडते, आणि मेंदूही वरून त्यावर ताबा ठेवतो, असे त्याचे सार आहे. या सिद्धान्ताचे तपशील पुढे बदलले. पण वेदना म्हणजे जखमेपासून मेंदूपर्यंत ओढलेली नुसती तार नव्हे, ही गोष्ट कायमची प्रस्थापित झाली.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या वेदनेला जुनाट म्हणतात. अशा वेदनेत पुष्कळदा मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील बनते. घरात चोर शिरल्यावर वाजणारी घंटा उपयोगाची; पण मांजर गेले तरी वाजणारी घंटा घरच्यांची झोप उडवते. घंटा खोटी नसते, तिचा आवाजही खरा असतो. बिघडलेले असते ते तिचे मोजमाप.

हे समजले की "म्हणजे सगळे मनाचे खेळ" हा आक्षेप आपोआप गळून पडतो. वेदना-चिकित्सालयात मानसशास्त्रज्ञ असतात हे ऐकताच अनेकांना अपमान वाटतो. मलाही तो वाटला. पण मेंदू हा शरीराचाच अवयव आहे. भीती, अपुरी झोप, काळजी यांनी रक्तदाब वाढतो म्हटले तर कोणी रागावत नाही. यांनी वेदना वाढते म्हटले तर का रागवावे? आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने १९७९ साली वेदनेची जी व्याख्या स्वीकारली आणि २०२० साली जी सुधारली, तिच्यात वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा असा दुहेरी अनुभव मानला आहे. त्याच वेळी, आपल्याला दुखते असे कोणी सांगितले तर त्या सांगण्याचा मान राखावा, असेही तिच्या टिपांत बजावले आहे.

३. चिकित्सालयाचा जन्म

वेदनेसाठी स्वतंत्र चिकित्सालय ही कल्पना फार जुनी नाही. जॉन बोनिका हे तिचे प्रमुख प्रवर्तक. १९१७ साली सिसिलीजवळच्या एका बेटावर जन्मलेला हा मुलगा कुटुंबाबरोबर अमेरिकेत गेला आणि वैद्यकीच्या शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी व्यावसायिक कुस्त्या खेळला. त्या कुस्त्यांनी दिलेली दुखणी त्यांना जन्मभर पुरली. १९४४ साली लष्करी रुग्णालयात भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना त्यांना आढळले की अवघड वेदनेचा रुग्ण एका तज्ज्ञाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो आणि प्रत्येक जण आपापल्या चौकटीपुरते पाहतो. मग त्यांनी या तज्ज्ञांना एकत्र बसवून एकाच रुग्णाचा विचार करायला लावले. १९५३ साली त्यांचा वेदना-उपचारावरील बृहद्ग्रंथ निघाला, पुढे सिएटल येथील विद्यापीठात बहुशाखीय चिकित्सालय उभे राहिले, आणि १९७३ साली त्यांनीच बोलावलेल्या परिषदेतून वर उल्लेखिलेली आंतरराष्ट्रीय संघटना जन्मली. भारतातही १९८४ साली वेदना-अभ्यासकांची संघटना स्थापन झाली.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, त्यात या पायरीचा खरा अर्थ आहे. माझ्या सासूबाई ऐकताच म्हणाल्या, "अगं, औषधं संपली की मग तिकडे धाडतात." आपल्याकडे वेदना-उपचार आणि कर्करोगाच्या रुग्णांची शुश्रूषा हे विभाग पुष्कळदा शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे ही भीती स्वाभाविक आहे. पण मूळ कल्पना 'उपाय संपले' अशी नसून 'सुटे सुटे उपाय पुरले नाहीत, आता एकत्र बसून पाहू' अशी आहे. हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांना पूर्ण पटले असे म्हणवत नाही, पण "मग सोबतीला कोण येणार?" असे त्यांनी विचारले. आमच्या घरात तो होकारच समजला जातो.

४. चिकित्सालय कोणत्या प्रकारचे?

पाटी एकच असली तरी आत दोन निरनिराळ्या प्रकारची कामे चालतात, आणि येथेच निवड करताना डोळे उघडे ठेवावे लागतात. काही ठिकाणी मुख्य भर सुईवर असतो : मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर स्टेरॉइडचे इंजेक्शन, मणक्यांच्या सांध्यांत इंजेक्शन, किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने बारीक मज्जातंतू निकामी करणे. दुसऱ्या ठिकाणी भूलतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ मिळून काम करतात, व्यायामाची आखणी होते, औषधांचा आढावा घेतला जातो.

२०२५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या सूचना प्रसिद्ध झाल्या. कर्करोग किंवा सांध्यांचा दाहक विकार यांमुळे नसलेल्या जुनाट कणा-वेदनेत वरील इंजेक्शने व रेडिओलहरींचे उपचार करू नयेत, अशी ठाम शिफारस त्या गटाने केली. हे उपचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या संघटनांनी त्यावर जोरदार आक्षेप घेतले आहेत. वाद चालू आहे. सामान्य रुग्णाने त्यातून एवढेच घ्यावे की, पहिल्याच भेटीत महागड्या सुईची तारीख दिली गेली तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यास संकोच करू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. रुग्णाला दुखण्याविषयी नीट माहिती देणे, व्यायाम, मालिशसारखे काही उपचार, विचार-वर्तन उपचारपद्धती यांना त्यात अनुकूलता आहे. उलट कमरेचा पट्टा, वजने लावून कंबर ताणणे आणि अफूवर्गीय वेदनाशामके यांचा नित्य वापर करू नये असे म्हटले आहे. आपल्याकडे घरटी एक कमरपट्टा कपाटात सापडेल. त्यामुळे ही सूचना वाचून अनेकांना नवल वाटेल.

एकत्रित उपचाराने खरोखर गुण येतो काय? ऑस्ट्रेलियात ४९२ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात भौतिकोपचारतज्ज्ञांनी रुग्णाला त्याचे दुखणे समजावून दिले, भीतीमुळे टाळलेल्या हालचाली हळूहळू परत करायला लावल्या आणि झोप-दिनचर्येकडेही लक्ष दिले. बारा आठवड्यांत सुमारे सात भेटी आणि पुढे एक उजळणीची भेट, एवढाच हा व्याप होता. दैनंदिन कामे करण्याची रुग्णांची क्षमता बरीच वाढली आणि ती सुधारणा वर्षभर टिकली. येथे 'क्षमता वाढली' हे शब्द लक्षात ठेवावेत. दुखणे प्रत्येकाचे नाहीसे झाले असे कोणी म्हटलेले नाही.

५. सांगावे कसे?

पहिल्या भेटीत 'शून्य ते दहा यांत किती दुखते?' असे विचारतात. आकडा सोयीचा असतो, पण अपुरा. मेल्झॅक यांनी १९७५ साली वेदनेचे वर्णन करणाऱ्या ७८ इंग्रजी शब्दांची प्रश्नावली तयार केली ती याच अडचणीतून. आपल्या भाषेत असा खजिना तयारच आहे. चमक निघते, कळ येते, ठणका लागतो, उसण भरते, रग लागते, ठसठसते, आग होते, मुंग्या येतात. यांतला प्रत्येक शब्द वेगळा आहे. पायात खालपर्यंत आग होणे किंवा मुंग्या येणे हे मज्जातंतूच्या वेदनेकडे बोट दाखवते. सकाळी अंग अवघडणे हे दुसऱ्याच कशाकडे. "डॉक्टर, फार दुखतं हो" एवढेच म्हणून आपण ही सारी माहिती घरीच ठेवून जातो.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. रुग्णाची भाषा मराठी आणि डॉक्टरांची कन्नड, किंवा याच्या उलट, असे नेहमी घडते, आणि मध्ये मोडके इंग्रजी येते. 'बॅक पेन' या दोन शब्दांत आग, मुंग्या आणि ठणका तिन्ही बुडून जातात. म्हणून मी कन्नड विभागातील एका सहकारी बाईंच्या मदतीने एक छोटा कागद केला. 'सोंट नोवु' म्हणजे कंबरदुखी, 'उरी' म्हणजे आग, 'जोमु' म्हणजे मुंग्या येऊन बधिर होणे. हा कागद करताना अर्धा तास गेला; परंतु सहा वर्षांत माझे दुखणे मला इतके स्पष्ट कधी दिसले नव्हते.

६. निर्णय

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ, कारण सगळा निर्णय त्यावर अवलंबून आहे. मला काय मिळवायचे आहे? 'दुखणे समूळ जावे' हे उत्तर असेल तर बहुधा निराशा पदरी येईल, आणि मग आणखी एक डॉक्टर, आणखी एक तपासणी, असा फेरा सुरू होईल. पण 'दुखणे असतानाही अमुक गोष्ट करता यावी' असे उत्तर असेल तर चिकित्सालयाजवळ देण्यासारखे पुष्कळ आहे. माझी अमुक गोष्ट अशी : एक तास आधार न घेता उभे राहून शिकवणे, आणि पुण्यापर्यंत रेल्वेने बसून जाता येणे. दोन्ही मोजता येतात. ज्याचे मोजमाप करता येते त्याच्याविषयी 'उपयोग झाला की नाही' हे प्रामाणिकपणे सांगता येते.

विरुद्ध बाजूही मांडली पाहिजे. खर्च आहे, रजा आहे, घरातल्या कोणाला तरी सोबत यावे लागते. आशा बांधून ती मोडण्याचे दुःख आहे. जुनाट दुखणेकऱ्याला या दुःखाची वेदनेहूनही अधिक धास्ती असते. ज्याला जवळपास फक्त सुईचेच चिकित्सालय उपलब्ध आहे, त्याने तेथे न जाता चांगला भौतिकोपचारतज्ज्ञ गाठून नियमित व्यायाम सुरू केला तर तो निर्णय मी चुकीचा म्हणणार नाही. ज्याची कामे सुरळीत चालली आहेत, झोप लागते आहे, त्यालाही धावपळीचे कारण नाही.

म्हणून जाण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. येथे भूलतज्ज्ञांखेरीज आणखी कोण पाहणार? सुचवलेल्या उपायाने कोणते काम मला करता येऊ लागेल, आणि किती आठवड्यांत? त्याचे धोके कोणते? उपयोग झाला नाही तर थांबायचे केव्हा? शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. पण परीक्षेला जसा शेवटचा दिवस असतो तसा प्रत्येक उपचारालाही असावा.

या चार प्रश्नांची उत्तरे मी दूरध्वनीवरून आणि एका ओळखीच्या डॉक्टरांमार्फत मिळवली. तेथे भौतिकोपचार आणि समुपदेशन दोन्ही आहेत असे कळले. तेव्हा मी जाण्याचे ठरवले आहे. मुदत तीन महिन्यांची. सुईची गोष्ट निघाली तर दुसरे मत घेतल्याशिवाय होकार द्यायचा नाही.

शेवटी विद्यार्थी मित्रांसाठी दोन शब्द. कंबरदुखी ही म्हाताऱ्यांची मिरास नाही. पुस्तकावर आणि मोबाइलवर तासन्‌तास वाकलेल्या विशीतल्या पाठीलाही ती गाठते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात, कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी काहींना चालण्याचा टप्प्याटप्प्याने वाढणारा कार्यक्रम दिला आणि उरलेल्यांना काही दिले नाही. दुखणे पुन्हा उद्भवण्यास पहिल्या गटात मध्यमानाने २०८ दिवस लागले, दुसऱ्यात ११२. चालायला फी पडत नाही, चिठ्ठी लागत नाही. आणि घरात कोणी वडीलधारे वर्षानुवर्षे "चालायचंच" म्हणून कंबर धरून बसले असतील, तर त्यांना एकदा जवळ बसवून विचारा : कोणते काम पुन्हा करता आले तर तुम्हाला बरे वाटेल? त्यांचे उत्तर एका कागदावर लिहून घ्या. डॉक्टरांकडे नेण्याच्या कागदांत तो सर्वांत वर ठेवावा.